पातळ साल

"आईची सुरी कुठे आहे, मिसाओ?"

मिसाओचा हात अर्धवट सोललेल्या फळावर तसाच थांबला. ओसरीवर पर्सिमॉनच्या चार करंड्या भरून ठेवल्या होत्या, सगळ्या तुरट जातीच्या, झाडावरून काढून खाल्लं तर जीभ आखडावी अशा. सोलून, दोरीला बांधून महिनाभर वळचणीला वाळवली की तीच फळं मधासारखी गोड होतात. साठ वर्षं या घरात ती सोलण्याचा मान एकाच हाताचा होता... आणि तो हात आज रिकामा, मांडीवर उपडा पडला होता. शहाऐंशी वर्षांच्या तोमेबाई उन्हात बसून एप्रनच्या कडेशी चाळा करत होत्या, आणि मुलगी नि सून कशावरून बोलताहेत याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"वर ठेवली आहे, वन्सं," मिसाओ हळूच म्हणाली. "कपाटावर."

"कपाटावर? आई काय रांगतं मूल आहे?"

फुसाको सकाळच्याच बसने नागोयाहून आली होती. तिने जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं, त्यामुळे माणसाच्या तोंडापेक्षा कागदावरच्या गुणांवर तिचा विश्वास जास्त. तिने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला आणि मिसाओच्या पुढ्यात, सालांच्या ढिगाऱ्यावरच ठेवला.

"गेल्या वर्षीच्या तपासणीचा निकाल आहे हा. तीसपैकी तीस. स्मरणशक्ती उत्तम. हे विद्यापीठ म्हणतंय, मी नाही. आणि घरात येऊन बघावं तर आईला चुलीपाशी जायचं नाही, मळ्यात जायचं नाही, सुरीला हात लावायचा नाही... फोनवर विचारलं की तुझं ठरलेलं उत्तर, आई बऱ्या आहेत. तुला झेपत नसेल तर तसं सांग ना स्पष्ट. तिला वेड्यात कशाला काढतेस?"

मिसाओने कागद उचलून बाजूला ठेवला आणि दुसरं फळ घेतलं. माणसाने किती गप्प बसावं यालाही काही मर्यादा असते, पण ती मर्यादा तिला आयुष्यात कुणी दाखवलीच नव्हती.

"उद्या सभागृहात यंदाची तपासणी आहे ना? मी स्वतः नेते आईला," फुसाको म्हणाली. "उद्याही पूर्ण गुण आले की रविवारच्या बसने ती माझ्याबरोबर येईल. कायमची."

खरं सांगितलं तर एका वाक्यात सगळं संपलं असतं. जूनमध्ये तोमेबाईंनी रिकामं पातेलं गॅसवर ठेवून त्यात पाणी आहे असं समजून भाजी चिरायला घेतली होती. ऑगस्टमध्ये त्या मळ्यात म्हणून गेल्या आणि तीन तासांनी, ज्या मार्गावरची बस बंद होऊन तीस वर्षं झाली त्या मार्गाच्या थांब्यावर छत्री घेऊन बसलेल्या सापडल्या. सप्टेंबरमध्ये अंगठा कापला, हाडापर्यंत. त्या दिवशी पट्टी बांधताना तोमेबाईंनी मिसाओचं मनगट घट्ट धरलं होतं आणि कधी नव्हे ते त्यांचा आवाज कापला होता. "फुसाकोला सांगू नकोस, मिसाओ. तिने मला हुशार आई म्हणूनच ओळखलंय. तेवढं राहू दे माझं."

तेवढं राहू द्यायचं असं मिसाओने ठरवलं आणि तोंडाला कुलूप घातलं. पण आता त्याच मौनापायी आई जाणार होत्या... आठव्या मजल्यावरच्या त्या घरात, जिथे न्हाणीघर कुठे आहे हे त्यांच्या पायांना ठाऊक नव्हतं, जिथे खिडकीतून डोंगर दिसणार नव्हता आणि सकाळी शेजारून हाक येणार नव्हती. इथे मन विसरलं तरी पाय विसरत नव्हते. सांगावं तर आईंना दिलेला शब्द मोडतो, न सांगावं तर आईच जातात. ती खाली मान घालून फळं सोलत राहिली.

"सालं जाड काढतेस," तोमेबाई एकदम म्हणाल्या. "तेहतीस वर्षं सांगतेय."

हे मात्र त्या विसरल्या नव्हत्या.

तेहतीस वर्षांपूर्वी मिसाओ समुद्रकाठच्या एका कोळ्याच्या घरातून या डोंगरातल्या ओसावा वस्तीत सून म्हणून आली, तेव्हापासून तिने सासूच्या तोंडून कौतुकाचा शब्द ऐकला नव्हता. तोमेबाई पोस्टमनचे आभार मानत, डॉक्टरांचे मानत, बंद करताना भाताच्या कुकरचेसुद्धा मानत. पण सुनेचे कधी नाही. घरच्या माणसाचे आभार कसले मानायचे, असा त्यांचा हिशेब. तरीही मिसाओ या सासूच्या ऋणात होती, आणि त्याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा एइजी गेला. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी तोमेबाई स्वतः बसने नगर कार्यालयात जाऊन एक कोरा अर्ज घेऊन आल्या. नवरा गेल्यावर सासरचं नातं कायद्याने संपवता येतं, त्याचा तो अर्ज. तो मिसाओपुढे ठेवून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "माझ्या म्हातारपणासाठी तुझं आयुष्य अडकवू नकोस. सही कर आणि जा."

ज्या बाईने एकुलता मुलगा गमावला होता ती स्वतःच्या हाताने स्वतःचा शेवटचा आधार सोडत होती... मिसाओने तो कागद घेतला, उलटा केला आणि विचारलं, "आई, मुळ्याच्या लोणच्याला कोंडा किती आणि मीठ किती घ्यायचं? लिहून घेते." तो अर्ज अजून स्वयंपाकघराच्या खणात होता. पुढची बाजू कोरी आणि पाठीवर लोणच्याचं प्रमाण.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी विद्यापीठाने म्हातारपणच्या विस्मृतीचा अभ्यास करायला ही दरी निवडली होती. दर वर्षी थंडी सुरू झाली की आरोग्यसेविका इनागाकीबाई आपल्या छोट्या पांढऱ्या गाडीतून यायच्या, वस्तीतले सगळे पंचाहत्तरीपुढचे लोक रांगेत बसायचे. कुणाची चाल मोजायची, कुणाची मूठ, कुणाचे कान, आणि शेवटी एका टेबलाशी स्मरणशक्तीची परीक्षा. तीन शब्द सांगायचे, मध्ये थोडी वजाबाकी करायला लावायची आणि मग तेच तीन शब्द पुन्हा विचारायचे. एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता यावी म्हणून प्रश्नपत्रिका बदललेली नव्हती. आणि ओसावाचे निकाल असे लागायचे की विद्यापीठात सगळे थक्क. गेली आठ वर्षं या वस्तीत कुणी काही विसरतच नव्हतं. प्राध्यापक तीनदा येऊन गेले होते, विहिरीचं पाणी नेलं, घरोघरचं मिसो, म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, नेलं, वाळवलेली पर्सिमॉनसुद्धा दोन पेट्या नेली... ती तपासली किती आणि खाल्ली किती, ते त्यांनाच ठाऊक.

तोमेबाई टेबलाशी बसल्या. पाठ ताठ, केस नीट विंचरलेले, अंगावर ठेवणीतला स्वेटर. मागच्या खुर्चीवर फुसाको. मिसाओ दाराशी, चपलांच्या फडताळाजवळ उभी.

"तोमे आजी, यंदा विद्यापीठाने नवी प्रश्नपत्रिका पाठवलीय बरं का," इनागाकीबाई हसून म्हणाल्या. "ऐका. होडी, मुळा, कंदील."

रांगेतल्या म्हाताऱ्यांत एकदम चुळबुळ झाली. निवृत्त पोस्टमन गेंझो यांनी शेजारच्याला कोपराने ढोसलं. तोमेबाईंनी शांतपणे म्हटलं, "होडी, मुळा, कंदील." मग वजाबाकी झाली, शंभरातून सात, त्र्याण्णवातून सात... मग इनागाकीबाईंनी विचारलं, "आता मघाशी सांगितलेले तीन शब्द?"

"घंटा, बेडूक, छत्री," तोमेबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या.

इनागाकीबाईंची पेन्सिल कागदावरच थांबली. "आजी... हे गेल्या वर्षीचे शब्द झाले."

तोमेबाईंनी पुन्हा म्हटलं, "घंटा, बेडूक, छत्री." पण या वेळी आवाज खाली आला होता, आणि त्या भिरभिरत्या नजरेने कुणाला तरी शोधत होत्या. ती नजर फुसाकोवरून घसरत गेली आणि दाराशी उभ्या मिसाओवर येऊन थांबली. सगळ्या वस्तीसमोर त्यांचं ते तेवढं राहिलेलं गळून पडत होतं... मिसाओला ते पाहवेना. ती पुढे आली आणि कंबरेत वाकली.

"मी शिकवले ते शब्द. मीच पाठ करून घेतले आईंकडून. त्यांचा यात काही दोष नाही. मला क्षमा करा."

"तू?" फुसाको उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "घरात तिला कोंडायचं आणि इथे पोपटासारखं बोलायला शिकवायचं? काय चाललंय तुझं, मिसाओ? माझ्या भावाच्या मागे तू माझ्या आईचं हे केलंस?"

मिसाओने मान वर केली नाही. लोक काय म्हणतील याची तिला पर्वा नव्हती. उद्यापासून दुकानात, देवळात, कचरा टाकायच्या कोपऱ्यावर तिच्याकडे कसं बघतील तेही तिला दिसत होतं. आईंची मान खाली जायला नको, एवढंच तिला हवं होतं.

"खोटं बोलतेय ती."

तोमेबाई टेबलाला धरून उठल्या होत्या. "हिला धड खोटं बोलता येत नाही. कधीच आलं नाही. गेंझोच्या घरी पाठ केले मी ते शब्द. मंगळवारी, चहाला."

"आई, तू बस खाली..."

"तू बस, फुसाको. माझे गुण कमी आले असते तर लोक काय म्हणाले असते? सुनेने बघितलं नाही म्हणाले असते. तू पहिली म्हणाली असतीस. म्हणून पाठ केले. रोज न्हाताना म्हणते मी. घंटा, बेडूक, छत्री." त्या क्षणभर थांबल्या. "तेवढंच राहतं आता डोक्यात. बाकी जातं."

मिसाओच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. न्हाणीघरातून येणारी ती पुटपुट तिने कित्येकदा ऐकली होती. वाटायचं, आई स्वतःची लाज झाकताहेत. त्या सुनेला झाकत होत्या हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. एकमेकींसाठी दोघी गप्प होत्या, आणि त्या मौनात दोघींचं किती नुकसान झालं होतं.

मागून गेंझो खाकरले. टोपी काढून त्यांनी हात वर केला. "मीपण पाठ केलेत, इनागाकी-सान." मग त्यांच्या शेजारच्या बाईंचा हात वर आला, मग आणखी एकीचा. बघता बघता अख्खी रांग शाळेतल्या मुलांसारखी हात वर करून बसली.

"पण का?" इनागाकीबाईंच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला.

"आठवतं ना, नऊ वर्षांपूर्वी आपल्या याए-सानचे गुण कमी आले," गेंझो म्हणाले, "आणि त्याच महिन्यात मुलगा येऊन तिला शहरातल्या वृद्धाश्रमात घेऊन गेला. दुसऱ्या वसंतात गेली बिचारी. तेव्हा आम्ही ठरवलं, ओसावातून आता एकही माणूस न्यायचा नाही. नव्वदीच्या आतबाहेरची चौदा माणसं आम्ही. प्रश्न तेच असायचे दर वर्षी. त्यात पाठ करायला काय लागतं?"

इनागाकीबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसताच त्या रडू लागल्या. "आठ वर्षं मी विद्यापीठाला कळवतेय की ओसावा काही विसरत नाही. प्रोफेसरांनी तुमच्या मिसोवर निबंध लिहिलाय हो..." त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. "अहो, मी तुम्हाला न्यायला येत नव्हते. तुम्हाला इथेच, आपापल्या घरात राहता यावं म्हणून येत होते. कुणाला कधी मदत लागणार हे आधी कळावं म्हणून हे सगळं. आणि तुम्ही नेमकं तेच लपवलंत."

गेंझोंनी टोपी परत डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

त्याच दुपारी इनागाकीबाई घरी आल्या. फुसाकोने खोदून खोदून विचारलं आणि मिसाओला सगळं सांगावं लागलं, पातेलं, बसथांबा, अंगठा... सांगताना ती पुन्हा पुन्हा सासूकडे बघत होती. तोमेबाई म्हणाल्या, "सांग, सांग. आता झाकायचं काय राहिलंय?"

इनागाकीबाईंनी सगळं टिपून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "हा आजार येऊच नये असं खात्रीचं औषध माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. पण एवढ्या वर्षांत आम्ही जे शिकलो ते सांगते. आजींचा डावा कान जवळजवळ गेलाय, आधी त्याला यंत्र लावू. गॅस बदलून आपोआप बंद होणारी शेगडी घेऊ. आठवड्यातून दोनदा मदतनीस येईल. चालणं, माणसांत बसणं, हाताला काम, हे सुटू द्यायचं नाही." त्या मिसाओकडे वळल्या. "आणि मिसाओ-सान, तुम्हाला रागावायचं नाही मला. पण सुरी गेली, मग चूल गेली, मग मळा गेला... मायेपोटी तुम्ही एकेक काम काढून घेतलंत, आणि त्यांना बसायला नुसती उशी उरली. जे अजून येतंय ते त्यांना करू द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा."

हे बोलणं मिसाओच्या काळजाला लागलं, कारण ते खरं होतं. सासूच्या अंगठ्याची तिला एवढी धास्ती बसली होती की त्यांचा हात काय म्हणतोय ते तिने ऐकलंच नव्हतं. ती उठली, स्टुलावर चढली आणि कपाटावरून सुरी खाली काढली. आखूड पात्याची, मुठीला निळं फडकं गुंडाळलेली. तिने ती दोन्ही हातांनी तोमेबाईंपुढे धरली. तोमेबाईंनी पात्यावर अंगठा फिरवून धार बघितली आणि म्हणाल्या, "बोथट करून ठेवलीस."

फुसाकोने स्वयंपाकघरात पाणी प्यायला म्हणून जाऊन खण उघडला असावा. परत आली तेव्हा तिच्या हातात तो पिवळा पडलेला अर्ज होता. तिने कोरी बाजू बघितली, पाठीवरचं लोणचं बघितलं. आयुष्यभर गुण देणारी ती बाई चटईवर गुडघे टेकून बसली आणि तिने वहिनीपुढे कपाळ जमिनीला लावलं.

"वन्सं, अहो, हे काय करताय..."

"करू दे मला. माझी आई होती, आणि मी वर्षातून दोनदा येऊन तुझ्या चुका काढल्या. थँक्यू म्हणायला हवं होतं, ते सोडून..." तिला पुढे बोलवेना. "आता दर महिन्याला एक आठवडा मी इथे येऊन राहीन. तू तेव्हा तुझ्या समुद्राकडे जाऊन ये. तुझा भाऊ आहे ना तिथे? आईला कुठेही न्यायचं नाही, ती या घरातच राहील."

मिसाओने तिला उठवलं आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. तोमेबाई म्हणाल्या, "फळं नासतील, आणि या रडतायत."

शनिवारी ऊन छान पडलं होतं. फुसाको आत चहा करत होती आणि ओसरीवर सासू-सून समोरासमोर बसून फळं सोलत होत्या. तोमेबाईंची बोटं सुरुवातीला चाचरली, एक फळ फुकट गेलं, दुसरं गेलं... आणि तिसऱ्याला मात्र त्या बोटांना आपली वाट सापडली. साल अखंड, लांबच लांब, खाली करंडीत उतरत होतं. मिसाओचा जीव त्या पात्यावर टांगलेला होता, पण तिने हात पुढे केला नाही. ती दोऱ्या बांधत राहिली.

तोमेबाईंनी मान वर केली आणि तिच्याकडे नीट निरखून बघितलं. डोळ्यांत ओळख नव्हती.

"तुम्ही कुठल्या हो, बाई?"

हा दिवस येणार हे मिसाओला ठाऊक होतं, पण इतक्या लख्ख उन्हात येईल असं वाटलं नव्हतं. तिने दोरीची गाठ घट्ट केली. "मी... समुद्राकडची."

"हो का? आमची सूनही तिकडचीच." तोमेबाईंनी दुसरं फळ घेतलं. "कामाला वाघीण आहे. पण सालं जाड काढते."

"रागावता का तिला?"

"रोज." त्या जराशा हसल्या. "मुलगा गेला माझा, तेव्हा मी तिला कागद आणून दिला. म्हटलं, जा. मनात म्हणत होते, जाऊ नकोस गं. तर ती गेली नाही. मला म्हणते, लोणच्याला मीठ किती? त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. आनंदाने."

"हे... हे तिला कधी सांगितलंत का?"

"घरच्या माणसाला काय सांगायचं?" सुरी थांबली. तोमेबाई डोंगराकडे बघत राहिल्या. "पण अलीकडे मी विसरते बरं का. राहून गेलं तर? तुम्ही तिकडच्याच, तुम्हाला भेटेल ती. तिला सांगा, तोमेने आभार मानलेत. नुसतं तोंडाने नका सांगू. असं सांगा." त्यांनी सुरी बाजूला ठेवली, एप्रनला हात पुसले, दोन्ही तळवे चटईवर टेकवले आणि हळूहळू, गुडघे दुखत असताना, कपाळ हातांना लागेपर्यंत वाकल्या.

मिसाओ त्याहून खाली वाकली. "सांगते, आई... नक्की सांगते. तीसुद्धा तुमचे आभार मानेल." दाराआड चहाचा ट्रे हातात घेऊन फुसाको उभी होती, आणि तिला ना पुढे येववत होतं, ना मागे जाववत होतं.

"चला, हात चालवा आता. ऊन उतरेल," तोमेबाई म्हणाल्या आणि आपली सुरी तिच्या हातात देऊन स्वतः दोरी बांधायला लागल्या.

मिसाओने फळ घेतलं. डोळ्यांतल्या पाण्याने काही दिसत नव्हतं, बोटांनीच अंदाज घेत ती सोलत गेली. तोमेबाईंनी ते साल उचललं, उन्हासमोर धरलं. आरपार उजेड दिसत होता.

"वा. काय पातळ काढलंत हो," त्या म्हणाल्या. मग आत कुणी ऐकत नाही ना हे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "पण हे मात्र आमच्या सुनेला सांगू नका हं. तिला वाईट वाटेल."